यान्दांगच्या कड्यावरची औषधी काडी

वाचकहो, सह्याद्रीचे कडे तुम्हाला नवे नाहीत. कोकणकड्याच्या काठाशी पोटावर पडून खाली डोकावले की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. अशाच एखाद्या कड्यावरून एक माणूस कमरेला दोर बांधून खाली सुटला आहे, कातळाला पाय टेकून झोके घेतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्याला मध नको आहे, घारीची अंडीही नकोत. कातळाच्या खाचेत उगवलेली वीतभर लांबीची, पेन्सिलीहून बारीक अशी हिरवी काडी त्याला हवी आहे. चीन देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यान्दांग डोंगरात पिढ्यान् पिढ्या लोकांनी असे पोट भरले. त्या डोंगराची आणि त्या काडीची ओळख आज करून घेऊ. काडीची जाहिरात आता जगभर होते, आणि तिच्या नावाचे सत्त्व आपल्याकडच्या आजारी माणसाच्या घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा ती कुठून येते व तिच्यात काय आहे हे आधी पाहिलेले बरे.

शांघाय शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलात की तीन-चार तासांत यान्दांगशान नावाचे स्टेशन येते. हा रेल्वेमार्ग २००९ साली सुरू झाला. प्रांत झेजियांग, मोठे शहर वेन्झोऊ आणि तालुक्याचे गाव म्हणावे तसे युएछिंग. या युएछिंगच्या परिसरात विजेच्या बटणांचे व स्टार्टरचे कारखाने इतके आहेत की साऱ्या चीनमध्ये त्यांचे नाव आहे. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला एखादा भागही तिकडून आलेला असेल, सांगता येत नाही! पण गाडीतून उतरून डोंगराकडे तोंड केले की कारखाने मागे पडतात आणि समोर राखाडी-तांबूस कातळाच्या भिंती उभ्या राहतात.

यान म्हणजे रानहंस आणि दांग म्हणजे लव्हाळ्यांचे पाणथळ तळे. डोंगरमाथ्यावर असे एक तळे होते व शरदात दक्षिणेकडे जाणारे हंस तिथे उतरत, म्हणून हे नाव पडले. डोंगर ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीसारखाच. मात्र आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तर यान्दांगचा खडक दहा कोटी वर्षांहून जुना आणि जातीनेही वेगळा. तो लाव्हा घट्ट, दाट. आपल्यासारखा थराथराने दूर पसरला नाही, म्हणून तिथले सुळके खांबासारखे सरळसोट दिसतात. १०७४ साली शेन कुओ नावाचा एक विद्वान सरकारी अधिकारी इथे आला होता. बाहेरून पाहिले तर हे सुळके दिसत नाहीत, घळीत शिरले की मात्र आभाळाला भिडलेले दिसतात, असे का, याचा त्याने विचार केला. पाण्याने माती वाहून नेली आणि कठीण कातळ तेवढा उभा राहिला, असे त्याने लिहून ठेवले. माती वाहून जाते म्हणजे काय हे बांध फुटलेल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण साडेनऊशे वर्षांपूर्वी डोंगराचा जन्म असा उलगडून सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे १६१३ साली शू शियाके हा प्रसिद्ध प्रवासी इथे आला. माथ्यावरचे ते हंसांचे तळे शोधता शोधता तो एका कड्यावर अडकला. मागे फिरता येईना, पुढे वाट नाही. तेव्हा नोकरांच्या पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडून त्याने त्यांचा दोर केला व खालच्या खडकावर उतरला. तिथूनही वाट नाही म्हणून परत चढू लागला, तर ती पट्टी दगडाच्या धारेवर घासून तुटली. ती पुन्हा जोडून कसाबसा वर आला. आपल्या रोजनिशीत त्याने हे सारे लिहिले आहे. तळे त्याला त्या खेपेस सापडले नाही. त्यासाठी तो १६३२ साली पुन्हा आला.

पाऊस इथे भरपूर. उन्हाळा सरता सरता समुद्रावरून मोठी वादळे येतात. सुमारे १९० मीटर उंचीचा दालोंगछ्यू म्हणजे ‘मोठ्या ड्रॅगनचा’ धबधबा पावसात गर्जत कोसळतो आणि पाणी कमी झाले की अर्ध्या वाटेतच धुके होऊन उडून जातो. हे हवेत राहिलेले पाणीच आपल्या काडीचे जीवन आहे.

काडीचे नाव थ्येफी शीहू. थ्येफी म्हणजे लोखंडी सालीची. वाळताना तिच्या सालीवर लोखंडासारखा काळसर रंग येतो. शास्त्रात तिला डेंड्रोबियम ऑफिसिनाले म्हणतात. ही ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातली. आपल्या जंगलात आंब्या-जांभळाच्या फांदीवर सीतेची वेणी फुलते ना, तिच्याच गोतातली समजा. आपल्याकडे झाडावर काही उगवलेले दिसले की लोक त्याला सरसकट बांडगूळ म्हणतात. ते बरोबर नाही. बांडगूळ झाडाचा रस पिते. आमरी फक्त आधाराला बसते. तिची मुळे हवेतला ओलावा आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर जगतात. थ्येफी शीहू तर झाड नसले तरी चालते, नुसत्या कातळालाही चिकटून राहते. फूल पिवळसर हिरवे, नाजूक, उन्हाळ्याच्या तोंडाला येणारे.

कोरड्या कातळावर राहायचे म्हणजे पाण्याची सोय हवी. ती सोय काडीच्या पोटात आहे. तिथे एक चिकट, बुळबुळीत रस भरलेला असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. ओली काडी दाताखाली चावली तर भेंडीसारखी तार सुटते व जिभेवर थोडासा चोथा उरतो. हाच रस औषधाचे मूळ. चीनच्या ‘शन्नोंग’ या सर्वांत जुन्या औषधीग्रंथात शीहूला वरच्या प्रतीच्या, म्हणजे दीर्घकाळ घेतल्या तरी चालणाऱ्या औषधांत बसवले आहे. तोंडाला कोरड पडणे, घसा सुकणे, जुन्या तापानंतरची तहान, जेवण न जाणे यांवर तिथले वैद्य ती देतात. गाणारे लोक आवाजासाठी तिचा काढा घेतात. आजार नुकताच अंगात शिरलेला असताना मात्र तेच वैद्य ती देत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

ही काडी मिळवायला माणसे कड्यावर लटकत. वर झाडाला दोर बांधायचा, एकाने वर राहून दोर सांभाळायचा, दुसऱ्याने खाली उतरायचे. खाच आत वळलेली असली की झोका घेऊन आत शिरायचे. कड्यावरची उडती खार या वनस्पतीची राखण करते व माणसाचा दोर कुरतडते, अशी कथा तिकडे सांगतात. खारीने कुरतडला की कातळाने कापला हे पाहायला खाली गेलेला माणूस परत येत नसे, म्हणून कथा उरली. यान्दांगच्या लिंगयान भागात आज हाच दोराचा खेळ पाहुण्यांना दाखवतात. समोरासमोरच्या दोन सुळक्यांमध्ये, जमिनीपासून सुमारे २७० मीटरवर दोर ताणलेला असतो आणि त्यावरून माणूस कोलांट्या घेत पलीकडे जातो. खाली माणसे टाळ्या वाजवतात. बापजाद्यांचा पोटाचा धंदा असा नातवांच्या काळात खेळ होऊन बसला!

खेळ का झाला, तर कड्यावर काडीच उरली नाही. भाव चढला तसे लोकांनी मुळासकट ओरबाडले. फुलायला, बोंड धरायलाही रोप शिल्लक ठेवले नाही. त्यातून या कुळाचे बी म्हणजे नुसती धूळ. एका बोंडात हजारो बिया असतात, पण एकीच्याही पोटात शिदोरी नाही. आपल्या ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढे पीठ असते. इथे काहीच नाही. रानात ठरावीक बुरशी येऊन तिला अन्न देईल तरच ती रुजते. म्हणजे एकदा काडी उपटली की ती जागा सहजासहजी भरून येत नाही. आज ही वनस्पती जागतिक यादीत अतिशय धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे आणि चीनमध्ये रानातून ती तोडायला कायद्याने बंदी आहे.

मग आज दुकानांतून ढिगांनी दिसते ती कुठली? ती शेतातली. हा भाग तुम्हा-आम्हा शेतकऱ्यांच्या खास कामाचा.

बुरशीचे काम माणसाने काचेच्या बाटलीत केले. बाटलीत साखर, क्षार आणि बटाट्याचा किंवा केळ्याचा रस घालून जेलीसारखे खाद्य करतात, त्यावर निर्जंतुक हाताने ते धुळीसारखे बी पेरतात. महिनोन् महिने रोपे बाटलीतच वाढतात. मग ती बाहेर काढून जाळीच्या सावलीत, पाणी साचू नये म्हणून उंच केलेल्या वाफ्यांवर लावायची. वाफ्यात माती अजिबात नाही. कुजवून घेतलेल्या पाइनच्या सालीचे तुकडे असतात. पाणी जास्त झाले की मुळे सडतात, कमी झाले की काडी सुकते. गोगलगाय आणि शेंबडी गोगलगाय हे मुख्य शत्रू. रात्रीत कोवळे कोंब फस्त करतात. काहीजण जाळीचा खर्च न करता नासपातीच्या वा इतर झाडांच्या खोडाला गवती दोरीने रोपे बांधतात आणि वरून पाण्याचे फवारे सोडतात. त्यांची काडी बारीक राहते, पण रानातल्यासारखी म्हणून गिऱ्हाईक तिला जास्त मोल देते. तोडणी थंडीत. तीही लावणीनंतर दोन-तीन वर्षांनी.

युएछिंगच्या दाजिंग भागातल्या गावांची खरी कारागिरी तोडणीनंतर सुरू होते. पाने काढून स्वच्छ केलेल्या काड्या मंद आचेवर मऊ करतात आणि हाताने वळून त्यांची स्प्रिंगसारखी गुंडी करतात. दोन ते सहा वेढे. उलगडू नये म्हणून कागदाची पट्टी गुंडाळायची, शेकायची, पुन्हा घट्ट वळायची. या गुंडीला फंगदौ म्हणतात. एका टोकाला मुळाकडचा गड्डा व दुसऱ्या टोकाला निमुळता शेंडा राखला तर त्याला ‘नागाचे डोके, मोराची शेपटी’ या थाटाचे नाव आहे. तिकडे नागाऐवजी ड्रॅगन आणि मोराऐवजी फीनिक्स, एवढाच फरक. काम बोटांचे आहे. आपल्याकडे शेवया, कुरडया करताना ज्यांचा हात बसलेला असतो त्या आयाबायांना त्यातली मेहनत लगेच कळेल. पाच-सहा किलो ओल्या काडीची किलोभर गुंडी होते. इथली माणसे काडी विकत घ्यायला युन्नानसारख्या दूरच्या प्रांतांत गेली आणि हे वळण्याचे कसबही सोबत घेऊन गेली.

आता त्या गाजलेल्या ‘सत्त्वा’कडे वळू. दुकानातल्या डबीवर ‘पॉलिसॅकराइड’ असा भारदस्त शब्द असतो. घाबरू नका. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ. भाकरीतले पीठही तशीच माळ आहे. फरक असा, की पिठाच्या माळेची गाठ आपल्या पोटातले पाचक रस सोडवू शकतात. शीहूची माळ मॅनोज आणि ग्लुकोज अशा दोन साखरांच्या मण्यांची आणि तिची गाठ वेगळी. ती न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जाते. तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. इसबगोल, आळीव, सब्जा यांच्या चिकट भागाचेही थोडेफार असेच असते.

सत्त्व काढण्याची रीत सोपी आहे. वाळलेली काडी कुटायची, पाण्यात उकळायची, गाळून पाणी आटवायचे आणि त्यात चौपट अल्कोहोल ओतून गार जागी ठेवायचे. माळा अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, पांढऱ्या तंतूंसारख्या तळाशी बसतात. त्या धुऊन वाळवल्या की भुकटी तयार. चीनच्या सरकारी औषधकोशाने २०१० मध्ये या काडीला इतर शीहूंपासून वेगळे स्थान दिले आणि नियम घातला की वाळलेल्या काडीत ही बहुशर्करा किमान २५ टक्के असली पाहिजे. मॅनोजचे प्रमाणही १३ ते ३८ टक्क्यांत बसले पाहिजे. नियम घालावा लागला, कारण दुसऱ्या स्वस्त जातींच्या काड्या वळून त्याच नावाने विकल्या जात. गुंडी झाली की डोळ्यांना फरक कळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये चीनने तिला अन्न आणि औषध दोन्ही म्हणून वापरता येणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले, त्यामुळे ती आता काढ्यात, पेयांत, बिस्किटांत कुठेही दिसू लागली आहे.

आणि ती ‘इम्युनिटी’? २०२० च्या साथीपासून हा शब्द आपल्या चुलीपर्यंत आला आहे. प्रयोगशाळेत या माळा रक्तातल्या भक्षक पेशींवर घातल्या की त्या पेशी अधिक चळवळ्या होतात, उंदरांना खाऊ घातल्या की त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणा वाढलेल्या दिसतात, असे बरेच प्रयोग झाले आहेत. ते खोटे नाहीत. पण बशीतल्या पेशी आणि उंदीर म्हणजे तुमची सासूबाई नव्हे. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. या सत्त्वाने क्षय बरा होतो, कॅन्सर हटतो, असे कुठेही सिद्ध झालेले नाही. शिवाय प्रतिकारशक्ती म्हणजे बैलगाडीचा बैल नव्हे की जितका जोरात हाकाल तितके चांगले. सांधे धरणाऱ्या एका जातीच्या आमवातात तीच शक्ती उलटून स्वतःच्या सांध्यांना खाते, आणि डॉक्टर ती शमवायची औषधे देतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचेही तेच. अशा माणसाला डॉक्टरांना न विचारता ‘ताकदीची’ भुकटी देणे धोक्याचे आहे.

माझे मत विचाराल तर सुकलेल्या घशाला काढा म्हणून ही काडी वाईट नाही; पण घरातली पाटली मोडून हिची डबी आणण्याइतके तिच्यात काही नाही. कुणी घरी कॅन्सरने अंथरुणावर असताना दारात येऊन ‘चिनी अमृत’ विकू लागला तर त्याला चहा पाजा, डबी मात्र घेऊ नका.

दुसरे दार शेताचे. चीनमध्ये जाळीघरे वाढली, बाटलीतली रोपे लाखांनी निघाली, आणि एके काळी सोन्यासारखा विकला जाणारा माल पुढे बराच खाली आला. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी कमावले, शेवटी आलेल्यांनी जाळ्या आणि साल विकत घेतली. आपल्याला हे नवे नाही. व्हॅनिला हीसुद्धा एक आमरीच. मादागास्करला वादळाने झोडपल्यावर २००३ च्या सुमारास तिचा भाव आभाळाला गेला. केरळ-कर्नाटकात लोकांनी बागांत वेल चढवले आणि दोन-तीन वर्षांत भाव असा कोसळला की शेंग तोडणीची मजुरी निघेना. सफेद मुसळीच्या वेळी ‘आम्हीच परत विकत घेऊ’ म्हणणारे आपल्याकडेही येऊन गेले. उद्या कुणी शीहूची रोपे आणि तसाच करार घेऊन आला तर आधी एवढेच विचारावे: तू रोपे विकून पैसा करतोस की काडी विकून?

आपल्या आयुर्वेदातही आमऱ्या आहेत. च्यवनप्राशाच्या अष्टवर्गातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धि, वृद्धि या चौघी हिमालयातल्या आमऱ्याच मानल्या जातात. रानात त्या इतक्या विरळ झाल्या की त्यांच्या जागी दुसऱ्या वनस्पती घालण्याची पद्धत पडली. बाळंतिणीच्या खुराकातली सालममिश्री हाही हिमालयातल्या आमरीचा कंद, आणि तोही मुळासकट खणूनच काढतात. म्हणजे यान्दांगच्या कड्यावर जे झाले ते आपल्या घराजवळही चालू आहे. त्यांनी बाटलीत रोपे करून निदान शेतात तरी वनस्पती टिकवली.

यान्दांगला जायचा योग आलाच तर वसंतात किंवा शरदात जा; उन्हाळ्याअखेरची वादळे टाळा. दोराच्या खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात, तिकीट काढताना विचारून घ्या. दाजिंगकडच्या दुकानात ओली काडी चावून पाहा, फुलांचा चहा प्या. घरी आणायची हौस मात्र आवरा. आमरीचे सारे कूळ आंतरराष्ट्रीय करारात बांधलेले आहे. रोप असो की वाळलेली गुंडी, आधी दोन्ही देशांचे नियम विचारून कागदपत्र करून घ्यावे लागते. तसे नसले तर विमानतळावर पिशवी उघडली जाते आणि काडी तिथेच राहते.